लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि न विकलेले नांगर

वाणिज्य शाखेच्या आमच्या अभ्यासात माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसायाचे धोरण असा एक भाग आहे. संगणकामुळे खर्च कसा कमी होतो, मालाचा साठा कसा आवरतो, ग्राहकाची आवड कशी कळते, हे त्यात मुद्देसूद सांगितले आहे. परीक्षेत त्यावर पाच मुद्दे लिहिले की गुण मिळतात. मलाही मिळाले. परंतु त्याच वर्षी आमच्या दुकानात याच विषयात मी सपशेल नापास झालो. त्या नापाशीमुळे मला एका थोर माणसाचे चरित्र वाचावे लागले. प्रस्तुत लेख त्या चरित्राविषयी आहे.

निपाणीत आमचे शेतीच्या अवजारांचे व पंपांच्या सुट्या भागांचे लहानसे दुकान आहे. बाबा गेली कित्येक वर्षे कीर्द-खतावणी हाताने लिहीत आले. मी हट्ट धरून दुकानात संगणक आणवला, बिले त्यावर करू लागलो. वर्षभराने आकडे काढले तेव्हा दिसले की एका विशिष्ट मापाच्या रबरी नळ्या सर्वांत जास्त खपल्या आहेत. पुढच्या हंगामाआधी मी बाबांच्या मागे लागून त्याच नळ्या दुपटीने भरायला लावल्या. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. हंगाम आला आणि गेला. नळ्या फळीवर तशाच राहिल्या. मागाहून उलगडा झाला तो असा : लोकांना हवे होते दुसरेच माप. ते आमच्याकडे नव्हते, म्हणून आदल्या वर्षी नाइलाजाने ते हे माप घेऊन गेले होते. या वर्षी त्यांनी हवे ते माप दुसऱ्या गावाहून आणले. काय विकले हे संगणकाने मला अचूक सांगितले होते. काय मागितले होते, हे त्याला ठाऊकच नव्हते, कारण मी ते कधी त्यात घातलेच नव्हते.

बाबा रागावले नाहीत. व्याजाचा हप्ता भरून आल्यावर त्यांनी मला एवढेच सांगितले की, सवड मिळाली तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाच. मी वाचले. किर्लोस्कर हे नाव आम्हा दुकानदारांच्या मुलांना पंपावरच्या अक्षरांमुळे लहानपणापासून परिचित असते. त्या अक्षरांमागचा माणूस आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला, हे मात्र मला तेव्हा कळले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. मलप्रभेच्या बाजूचे हे गाव कन्नड मुलखातले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म याच गावचा. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र पुस्तकापेक्षा यंत्रात आणि चित्रात रमे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाला. तेथे दोन वर्षांत एक कठोर गोष्ट उघड झाली. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक समजत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

दुसरा कोणी असता तर घरी परतून नशिबाला बोल लावीत बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाटन त्यांनी पक्के केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. यंत्राच्या नकाशात रंगाला महत्त्व नसते, मापाला असते. एखादा भाग किती लांब, किती जाड, छिद्र कोठे, हे कागदावर नेमके उतरले की तो कागद पाहून कोणताही कारागीर कोठेही तोच भाग पुन्हा करू शकतो. एका माणसाच्या हातातले कसब कागदावर साठवून दुसऱ्याच्या हाती देण्याची ती युक्ती आहे. आजच्या भाषेत तिला माहितीचे तंत्र म्हटले तर चूक होणार नाही.

मुंबईत असतानाच त्यांनी सायकल पाहिली. १८८८ साली त्यांनी वडील बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामुअण्णा, यांच्यासह बेळगावात सायकलचे दुकान काढले. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा आरंभ तो. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवीत, रामुअण्णा बेळगावात विकत. त्या काळी आपल्या भागात सायकल हे एक नवल होते. ती विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. म्हणून रामुअण्णा सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवीत. वस्तूबरोबर तिची माहितीही विकावी लागते, हा धडा या बंधूंनी दुकानाच्या पायरीवरच घेतला. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. नाव कोणाचे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. स्वाभिमानी माणूस तो; नोकरी सोडून बेळगावास आला. सायकलींच्या जोडीला अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सी घेतली. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके ते चिकाटीने वाचीत. अभियंत्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परदेशी टपालाने येणारे ते कागद हेच त्यांचे महाविद्यालय होते. परंतु परक्यांचा माल विकण्यात त्यांना समाधान नव्हते. आपल्या शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे काही स्वतः करावे, या ध्यासाने त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यानंतर हाती घेतला लोखंडी नांगर.

या नांगराच्या हकीकतीने माझे डोळे उघडले. तत्पूर्वी त्याचे महत्त्व थोडे सांगतो. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटी करीत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. नुसते चिरून त्या मरत नाहीत. लोखंडी नांगराच्या वळणदार पत्र्यावरून मातीचे ढेकूळ उलटे पडते, मुळ्या वर येतात आणि उन्हात सुकतात. विलायती लोखंडी नांगर तेव्हा बाजारात होते, पण ते परदेशातून येणारे. लक्ष्मणरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असा नांगर बेळगावातल्या आपल्या छोट्या कारखान्यात ओतून तयार केला.

नांगर चांगला होता आणि कोणी घेईना! लोखंड मातीत गेले तर जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांची विक्रीची वही मी मनाशी डोळ्यांसमोर आणून पाहिली. नांगराच्या नावाचे पान कोरे. माझ्यासारख्याने ते पान पाहिले असते तर एका क्षणात निकाल दिला असता : या मालाला मागणी नाही, ओतकाम थांबवा, कडबायंत्रे वाढवा. आकड्यांनुसार तो निकाल बिनचूक ठरला असता आणि तरी पूर्णपणे चुकीचा. कारण नांगर का विकला जात नाही याचे उत्तर वहीत नव्हते, शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीत होते. किंमत जास्त म्हणून माल पडून असेल तर किंमत उतरवावी लागते. काम नीट होत नाही म्हणून पडून असेल तर घडण बदलावी लागते. भीतीमुळे पडून असेल तर धीर धरून ती भीती घालवावी लागते. तीन कारणांवर तीन वेगळे उपाय आहेत आणि वहीत मात्र तिघांची खूण एकच, शून्य.

लक्ष्मणरावांनी ते शून्य बरोबर वाचले. खोट मालात नाही, समजुतीत आहे, हे ओळखून ते थांबून राहिले. अशी समजूत कचेरीत बसून दूर होत नाही. ज्या शेतात लोखंडी नांगर फिरला त्या शेतात पुढच्या वर्षी पीक उभे राहिलेले शेजाऱ्याने पाहिले की ती दूर होते. एक नांगर विकला गेला की त्याच्यामागून दुसरे गिऱ्हाईक येते ते याच वाटेने. आणि एकदा नांगर खपू लागले की गिऱ्हाइकाशी संबंध तुटत नाही, कारण फाळ झिजतो. झिजलेल्या फाळाच्या जागी नेमका तसाच दुसरा बसला पाहिजे. येथे रेखाटनाच्या शिक्षकाचे ते माप पुन्हा उपयोगी पडते.

कारखान्याचे थोडे बस्तान बसते न बसते तोच गावाच्या विस्तारासाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. यंत्रे, कामगार, ओतशाळा घेऊन जायचे कोठे? याच सुमारास औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे एका मंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांना मिळाले होते. राजेसाहेबांनी त्यांची अडचण जाणून आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव तेथे उतरले. निवडुंगाने भरलेला, सापांचा तो ओसाड माळ. त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज मार्गावर ते आजही आहे.

जागेच्या या निवडीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माळ ओसाड होता खरा, पण आगगाडीच्या स्टेशनाला लागून होता. त्या काळी माल, टपाल आणि तार हे सारे आगगाडीच्या मार्गानेच चालत असे. लोखंड व कोळसा गाडीने येणार, नांगर गाडीने जाणार आणि दूरच्या शेतकऱ्याचे पत्रही त्याच गाडीने येणार. शहरापासून दूर राहूनही बाजाराच्या जवळ राहण्याची ही सोय होती.

माणसे निवडतानाही लक्ष्मणराव कागदावर विसंबले नाहीत. रामुअण्णा वसाहतीची आखणी व कारभार पाहत. शंभुराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, पण लक्ष्मणरावांनी त्यांच्यातला कल्पक यंत्रज्ञ हेरला. सरकारी दप्तरात गुन्हेगार म्हणून नोंद असलेले तुकाराम रामोशी येथे विश्वासाचे राखणदार झाले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शाळेचा दाखला आणि पोलिसांचे दप्तर हीसुद्धा माहितीच आहे. परंतु तो माणूस पुढे काय करू शकेल हे तिच्यात लिहिलेले नसते. ते समोरासमोर पारखावे लागते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी मालाची आवक घटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याबरोबरच लोखंड व कोळसाही दुर्मिळ झाला. त्या ओढाताणीतून कारखाना तरला आणि १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

त्याच १९२० साली वाडीतून एक छोटे मासिक निघाले, किर्लोस्कर खबर. ते काढले लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव कारखान्याची जाहिरात आणि विक्री पाहत. कारखान्याची व मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावी, हा आरंभीचा हेतू. पुढे त्यात कथा, विचार, सुधारणेचे लेख येऊ लागले, नावातला खबर शब्द गळला आणि किर्लोस्कर मासिक मराठी घराघरांत गेले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही भावंडे त्याला मिळाली. नांगराच्या कारखान्याने छापखाना चालवावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण ज्याला नांगर विकताना नवा विचारही रुजवावा लागला, त्याच्या घरातून मासिक निघावे यात नवल ते काय?

अमेरिकेतले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली मूल्यसाखळीची कल्पना मांडली. कच्चा माल येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत प्रत्येक कडीत माहिती दडलेली असते आणि तिचा उपयोग करणारी कंपनी पुढे जाते, असे तिच्या आधारे आम्हाला शिकवले जाते. ते वाचताना मला वाडीचे चित्र दिसले. नकाशा ही उत्पादनाची माहिती, पत्र ही गिऱ्हाइकाची माहिती, मासिक ही गिऱ्हाइकाला द्यायची माहिती. साधने जुनी होती. पण काय साधायचे आहे हे आधी ठरलेले होते आणि साधन मागाहून आले होते. मी नेमके उलटे केले होते. आधी संगणक आणला आणि मग तो सांगेल ते धोरण मानले.

कारखान्यात पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप असा माल होऊ लागला. १९२६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियंता होऊन परतले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली. १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिन्सचा आणि बंगळुरास विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. कन्नड मुलखात जन्मलेला हा मराठी माणूस बेळगावातून उठून औंध संस्थानात गेला आणि त्याचा उद्योग पुन्हा कन्नड मुलखात परतला. आमच्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. लक्ष्मणरावांचे चरित्र दोहोंपैकी कोणत्याही विभागात शोभले असते.

सुखाच्या दिवसांत एक मोठा घावही बसला. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभारलेले काम राखेत गेलेले त्यांना पाहावे लागले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्याचे शिक्षण आणि व्यापार टपालावर चालला, त्याचा हा गौरव उचितच म्हणायचा.

चरित्र संपवून मी पुन्हा गल्ल्यावर बसलो तेव्हा बाबांच्या हाताशी असलेली एक जुनी वही नीट पाहिली. तिच्यात बिले नव्हती. कोण काय मागून रिकाम्या हाताने परत गेला, एवढेच बाबा तिच्यात टिपून ठेवीत. संगणक आल्यापासून मीच त्यांना ते टिपण बंद करायला लावले होते! त्या वहीत कित्येक वस्तूंची नावे कन्नडमध्ये होती. नांगराला कोणी नांगर म्हणतो, कोणी नेगिलु. निपाणीच्या बाजारात दोन्ही कानांवर पडतात. माझ्या संगणकात मात्र कंपनीने दिलेले एकच नाव होते. गिऱ्हाइकाने आपल्या शब्दांत मागितलेली वस्तू त्यात सापडत नसे आणि मी नाही म्हणून मोकळा होत असे.

आता मी संगणकात एक वेगळे पान उघडले आहे. मागितले पण मिळाले नाही अशा मालाचे ते पान. प्रत्येक वस्तूपुढे मराठी आणि कन्नड अशी दोन्ही नावे घातली आहेत. रोज संध्याकाळी दुकान आवरताना बाबा सांगतात आणि मी लिहून घेतो. नळ्यांचे कर्ज अजून फिटलेले नाही आणि त्या नळ्याही फळीवर आहेत. येत्या हंगामाचा माल मात्र आम्ही या पानावरून मागवला आहे. तो निर्णय बरोबर की चूक हे चार महिन्यांत कळेल. चुकलाच, तर का चुकला हे या वेळी आम्ही गिऱ्हाइकाला विचारणार आहोत.